चौरंगावरची डमी

दिवाळी अंकाच्या संपादक मॅडमनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की मीच ना? कारण नोकरीतल्या आठवणींच्या या विभागात दरवर्षी लिहिणारी माणसं आयुष्यभर नोकरी करून आता घरी बसलेली असतात. कुणी तहसीलदार, कुणी स्टेशनमास्तर. माझी नोकरी नांदेडच्या एका कापड दुकानात आहे, तीही अर्धवेळ, आणि अजून चालूच आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, संध्याकाळी हॉस्टेलचं गेट लागायच्या आत परत. "नावाखाली हुद्दा काय टाकायचा?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "सेल्सगर्ल टाका." दुकानात मात्र मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. शेठ मला चेष्टेनं मॅडम म्हणतात, आणि माझं काम काय असं कुणी विचारलं तर सरळ सांगतात, "ही आमची डमी."

हा शब्द मला आधी आवडत नव्हता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मी इंग्रजी घेतलं याचं गावात कौतुक आणि वर्गात आश्चर्य. शब्दकोशात एक शब्द बघायला गेले की शेजारचे चार वाचून परत येते, ही माझी सवय. अशीच एकदा लायब्ररीत डमीपाशी थांबले. आपल्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात ते तरी कळेल, असं वाटलं.

पहिला अर्थ होता मुका माणूस. हा अर्थ फार जुना, आता तसं म्हणणं वाईट समजतात, असंही पुढे लिहिलं होतं. जो बोलत नाही त्याला कळतही नसणार, असं धरून दुसरा अर्थ झाला मूर्ख. मग शिंप्याकडचा किंवा दुकानातला पुतळा. मग नुसती दाखवायला ठेवलेली खोटी वस्तू. इंग्लंडात म्हणे बाळाच्या तोंडात द्यायच्या रबरी चोखणीलाही डमीच म्हणतात, म्हणजे तिथेही काम गप्प बसवण्याचंच. पत्त्यांच्या एका खेळात ज्या खेळाडूची पानं सगळ्यांसमोर उघडी मांडतात आणि ती खेळतो मात्र त्याचा जोडीदार, तो डमी. त्यानं आपल्याच पानांकडे बघत हात बांधून बसायचं. आणि चेंडूच्या खेळात एका बाजूला जातोय असं भासवून दुसरीकडे निसटणं म्हणजे समोरच्याला डमी विकणं. आमच्या दुकानात विकायचं म्हणून सगळं विकून झालंय, हे एक राहिलं आहे.

आपल्याकडे यातला मूर्खपणा फारसा आला नाही. गरजही नव्हती. येडं, खुळं, बावळट, मठ्ठ, बेअक्कल, हे सगळे माझी आई एका दमात वापरते, तेही एकट्या माझ्या भावासाठी. आपण इंग्रजांकडून डमी घेतली ती खोट्यापुरती. मोबाइलच्या दुकानात काचेमागे आतून रिकामे फोन असतात, ते डमी. माझा मामेभाऊ लातूरला क्लासमध्ये डॉक्टर व्हायचा अभ्यास करतो, पण त्याचं नाव आहे आमच्या उमरीकडच्या एका ज्युनियर कॉलेजात, जिथे तो प्रवेश घ्यायला गेला तेवढाच. मामी गावात सांगते, "आमच्या पोराची डमी ॲडमिशन हाय," आणि ते अशा आवाजात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगा गुणवत्ता यादीतच आला. आणि भरतीच्या परीक्षेत एकाच्या नावावर दुसराच पेपर लिहून जातो, तो डमी उमेदवार. तो सापडला की वर्तमानपत्रात येतो. हा शेवटचा अर्थ लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

आता दुकानाबद्दल. खाली रेडिमेड, वर साड्या. वरच्या मजल्यावर गाद्या घातलेल्या, भिंतीला आरसे, आणि मधोमध एक मोठा लाकडी चौरंग. खालच्या काचेमागे चार लेडीज डम्या उभ्या. त्यांना नेसवायचं काम मला मुनीरचाचांनी शिकवलं. चाचा दुकानातले सगळ्यांत जुने. त्यांच्या आधी फक्त इमारत होती, असं ते स्वतःच म्हणतात.

"इन्सान हाथ डालता, डमी का हाथ निकालते," हा त्यांचा पहिला धडा. म्हणजे ब्लाउज घालायचं तर आधी डमीचे दोन्ही हात खांद्यातून फिरवून काढायचे, धडाला ब्लाउज चढवायचं, मग बाहीतून हात आत सारून पुन्हा बसवायचे. ढिलं झालेलं कापड पाठीमागे चिमट्यांनी आवळायचं. समोरून बाई एकदम मापात, मागून बघाल तर कपडे वाळत घातलेली दोरी. निऱ्यांना टाचण्या. आणि नेसवणं चालू असताना डमीभोवती चादर धरायचीच. मी पहिल्या दिवशी चादर आणायला विसरले तर चाचा केवढे रागावले. "रस्ते पे लोगां जाते बेटा. उसको शरम नहीं तो क्या, हमको तो है."

गिऱ्हाइकांचं डमीवर फार प्रेम. त्याच साडीचे दहा नग कपाटात असले तरी "डमीवरचीच काढा." काढून दिली की डमी उघडी, म्हणजे परत चादर, परत हात. एकदा भोकरकडचे एक काका आले आणि काचेकडे बोट करून म्हणाले, "ही बाई केवढ्याला?"

"साडी का, काका?" मी म्हटलं.

"साडी न्हाई. बाईच. हरभऱ्यात डुकरं लई येऊन राहिलीत."

चाचांनी गोदामातली एक हात तुटलेली डमी दाखवली, म्हटलं, "डुक्कर डरेंगे इसको?"

"डुकराचं सोडा, आमच्या वाडीतलं माणूस बी दिस मावळल्यावर तिकडं फिरकणार न्हाई."

शेठनी पडून राहिलेला नग जातोय म्हणून देऊन टाकली. पुढच्या हंगामात काका पोरांचे कपडे घ्यायला आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, "डुकरं काय तिला भेत न्हाईत. पर शेजारी बांध कोरायचा थांबला." दुकानातून गेलेल्या मालाची इतकी चांगली बातमी मी दुसरी ऐकलेली नाही.

पण खऱ्या साड्यांच्या गिऱ्हाइकाला डमी पुरत नाही. डमीला पोट नसतं, ती वाकत नाही, तिचा पदर घसरत नाही. म्हणून साडी दुकानात माणसं स्वतःवर नेसून दाखवतात. आधी हे काम चाचाच करत. शर्ट-पँटवर पैठणी, वर पांढरी दाढी, आणि आरशासमोर पदर धरून असे वळायचे की बायका हसता हसता पसंत करून टाकायच्या. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि चौरंगावर चढणं होईना. त्याच सुमाराला मी काम मागायला गेले होते. शेठनी माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "उंची चांगली आहे. चढ बरं चौरंगावर."

चौरंगाचा नियम एकच, बोलायचं नाही. शेठनी कारणही समजावलं. मी साडीला चांगली म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानाची माणूस, म्हणणारच. वाईट म्हटलं तर साडी राहते. "त्यामुळे वर चढलीस की तोंडाला कुलूप. विचारलं तरी हसायचं नुसतं." मी घाबरट असल्यानं मला हा नियम सोयीचा वाटला. न बोलण्याबद्दल पगार मिळतोय, यापेक्षा माझ्या स्वभावाला जुळणारं काम कोणतं असणार?

न बोलता उभं राहिलं की मात्र फार ऐकू येतं. लोक तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलतात. "हिच्यासारख्या सावळ्या पोरीवर एवढा उठून दिसतोय, तर आपल्या राणीवर बघा," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शेठना ते जाहिरातीत छापता येईल. एका बाईंनी पसंती झाल्यावर माझं आडनाव विचारलं. कुलूप असल्यामुळे मी हसले, पण चाचांनी मागून सांगून टाकलं. बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हाच रंग द्या, पर अंगाला न लागलेला नवा नग काढा." चाचा "हौ, हौ, बिल्कुल" म्हणत तोच शालू आत घेऊन गेले, नीट घडी घातली, नव्या पिशवीत घातला आणि आणून दिला. बाईंनी पिशवीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हां, ह्याचं कापडच येगळं."

आता बस्त्याबद्दल सांगते, कारण मला जे सांगायचंय ते बस्त्यातच घडलं. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे लग्नाचे कपडे एकट्यानं घेत नाहीत. दोन्ही घरची माणसं, आत्या, मावश्या, काका, मेहुणे, जीप भरून एका दिवशी एकाच दुकानात येतात आणि सकाळपासून गाद्यांवर बसून सगळ्या नातेवाइकांच्या मानपानाचे कपडे एकदम घेतात. याला बस्ता बांधणं म्हणतात. सगळ्यांत शेवटी नवरीचा शालू. शालू पसंत झाला की चाचा त्यातलं ब्लाउजपीस कापून शिलाईला बाजूला ठेवतात. "कापलेला माल परत घेतला जाणार नाही," ही आमच्या दुकानाची पाटी. पण ती पाटी गिऱ्हाइकांनी स्वतःच्या घरालाही लावून घेतली आहे. शालूला कात्री लागली म्हणजे लग्नाची तारीख पक्की. त्याआधी मोडलेली लग्नं मी ऐकली आहेत. कात्रीनंतर तारीख हलवलेली एकसुद्धा ऐकली नाही.

त्या दिवशीचा बस्ता मोठा होता. मुलगी उमरी तालुक्यातली, माझ्या गावाच्या अलीकडचं गाव. मुलगा उदगीरचा, मोंढ्यात धान्याची आडत. नवरी मुलगी, ज्योती, ओढणी डोक्यावर घेऊन दोन आत्यांच्या मध्ये कोपऱ्यात बसलेली. तिच्या हातात चहाचा कप आणि समोर सगळ्यांच्या साड्या. ब्लाउजचं माप घ्यायला मी तिला आतल्या खोलीत नेलं तेव्हा ती म्हणाली, "तू लायब्ररीत खिडकीपाशी बसतीस ना?"

मी टेप हातात धरून बघतच राहिले. आमच्याच कॉलेजची. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष.

"मग परीक्षा?" मी विचारलं.

"लग्न पेपरांच्या मधीच येतंय. बाबा म्हणतेत, राहिलेले पेपर पुढं उदगीरहून देता येतील."

"देता येतील की."

"ताईला पण असंच म्हणले होते."

"मग?"

"ताई आता पापड लई छान करती."

मी माप लिहून घेतलं. "मुलाला सांगितलंस?"

"सांगितलं ना फोनवर. चांगला हाय तो. म्हणला, आईला विचारतो. अजून विचारूनच राहिलाय."

"मग तूच सांग ना बाहेर. अजून कात्री लागली नाही."

ज्योतीनं आरशात बघून ओढणी सारखी केली. "कुणी विचारलं तर सांगीन गं. सकाळपासून एकाने तरी विचारलं का? मेहुण्याच्या सफारीचा रंग तिघांनी विचारला."

बाहेर आलो तर शालूंची वेळ झाली होती. नवऱ्या मुलाची आई, शोभाबाई, मोठ्या हौशी. त्यांनी जांभळ्या काठाचा एक शालू काढला आणि मला म्हणाल्या, "नेस. डोक्यावरून पदर घेऊन दाखव, आमच्यात पदर लागतो." मी नेसले, चौरंगावर चढले, पदर कपाळापर्यंत ओढला. "झालं! हाच!" शोभाबाई म्हणाल्या. सगळ्या बायका हाच, हाच म्हणाल्या. ज्योतीच्या वडिलांनी मान हलवली. चाचांनी गल्ल्यातून कात्री काढली.

तेवढ्यात जिन्यात गडबड झाली. उदगीरहून मागची जीप आली होती आणि तिच्यातून मुलाची आजी आली होती. त्यांना सगळे अव्वा म्हणत होते. माहेर कर्नाटकच्या हद्दीवरचं, बोलण्यात कानडी मिसळलेलं. नुकतंच एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे काळा चष्मा. दोघांनी धरून वर आणलं. सगळे उठून उभे राहिले. अव्वा मात्र कुणाकडे न बघता सरळ चौरंगापाशी आल्या, दोन्ही हात वर करून माझी हनुवटी धरली आणि कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

"लक्ष्मी हाय गं शोभे. उंच हाय."

शालू नेसलेली, पदर घेतलेली, मधोमध उभी. चष्म्यातून त्यांना दुसरी कोण नवरी दिसणार? चूक कुणाच्याही लक्षात आली असती. सगळ्यांच्या आलीच होती. पण व्याह्यांसमोर घरच्या मोठ्या माणसाला तुम्ही चुकलात म्हणायला कुणाची जीभ वळेना. एकमेकांकडे बघण्यात एक क्षण गेला आणि तेवढ्यात अव्वांनी पुढचा प्रश्न टाकला.

"पोरी, आमच्या घरात कात्रीआधी मी इचारते. मला कुणी इचारलं न्हवतं, म्हणून. शोभे, तुला इचारलं होतं का न्हाई मी?"

"हाव, अव्वा."

"काय म्हणली होतीस?"

"पसंत हाय म्हणले होते."

"खोटं म्हणली होतीस. नाक लाल झालं होतं रडून. पर इचारलं तर होतं." बायका हसल्या. अव्वांनी माझी हनुवटी सोडली नव्हती. "सांग. समदं पसंत हाय का? काय अडचण असंल तर आत्ताच सांग. हेळव्वा."

"सांग म्हणतेत," शोभाबाई पुढे होऊन म्हणाल्या, आणि अव्वांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली-वर केली. म्हण हो. त्या हुशार बाई. अव्वांचा नियम पाळल्यासारखा होईल आणि वेळही वाचेल. मागे शेठ उभे होते, तेही तशीच मान हलवत होते. ज्योतीची मोठी आत्यासुद्धा. एवढ्या लोकांचं एकमत त्या बस्त्यात सकाळपासून झालं नव्हतं.

मी पदराआडून ज्योतीकडे बघितलं. ती निकालाच्या फळ्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. अव्वा आज विचारून मोकळ्या होणार होत्या, आणि कात्री चाचांच्या हातात होती. चाचा ती सदऱ्याला पुसत होते. ती स्वच्छच होती.

पेपर ज्योतीचा होता आणि बसले होते मी. शिवाय मला उत्तर पाठ होतं. आतल्या खोलीत तिनंच सांगितलं होतं. नुसतं म्हणायचं, मुलगा पसंत आहे, परीक्षा झाल्यावर लग्न करा. किंवा म्हणायचं हो, आणि संध्याकाळी हॉस्टेलला जाऊन जेवायचं. दोन्ही उत्तरं डमी उमेदवाराचीच.

"मुकी हाय का पोरगी?" अव्वा म्हणाल्या. "का येडी हाय?"

शब्दकोशातला क्रम त्यांनी बरोबर पाळला होता.

"आजी," मी म्हटलं. चौरंगावरून निघालेला माझा तो पहिला शब्द. आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू आला नाही. "आजी, मी दुकानातली आहे. साडी दाखवायला उभी राहते. नवरी ती तिकडे बसलीय."

शेठनी डोळे मिटून घेतले.

हे लिहिताना मला कळतंय की वाचणाऱ्याला मी धीट वाटेन. तसं काही नव्हतं. दुसऱ्याच्या पेपरला बसायची भीती वाटली, एवढंच.

अव्वा शरमतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, मला वरून खाली बघितलं, मग कोपऱ्याकडे वळल्या. "मग ती कोपऱ्यात कामून? लगीन हिचं का तिचं?" गर्दी बाजूला झाली. अव्वा ज्योतीसमोर गादीवर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं.

ज्योती खाली बघत राहिली. "पसंत हाय की, अव्वा. लाजती पोरगी," मोठी आत्या म्हणाली.

"तुला न्हाई इचारलं."

मग ज्योती म्हणाली, "मुलगा पसंत हाय." सगळ्यांनी श्वास सोडला. चाचांनी नाही सोडला, मी बघत होते. "तारीख न्हाई पसंत. माझे पेपर हायत त्यात."

वडिलांचा चेहरा लाल झाला. "पोरीचं काय मनावर घेता, अव्वा. पेपर काय, पुढं कवाबी देता येतेत."

"व्याही, मी काय साळंत गेलेली न्हाई," अव्वा म्हणाल्या. "पेपर म्हंजे काय असतंय, तिलाच सांगू द्या."

ज्योतीनं मान वर करून अव्वांकडे बघितलं. "तीन वर्षं शिकले त्याचं शेवटचं असतंय, अव्वा. ते दिलं की पास. न्हाई दिलं की तीन वर्षं गेली."

"म्हंजे पीक काढणीला आलंय."

"हाव."

अव्वा शोभाबाईंकडे वळल्या. "सोयाबीन उभं ठिवून आपल्यात कधी मांडव पडलाय का गं?"

"हॉल घेतलाय, अव्वा. आचारी सांगितलाय."

"हॉल पळून चाललाय का? काढणी झाली की लगीन." मग चाचांकडे बघून, "ठिवा ती कात्री."

चाचांनी कात्री गल्ल्यात ठेवून गल्ला लावला. इतक्या चटकन की शेठना हात वर करायलाही सवड मिळाली नाही. मानपानाचे निवडलेले ढीगसुद्धा तसेच राहिले. शालूलाच कात्री लागली नाही तर बाकीचा बस्ता कसा बांधायचा? सगळ्यांनी चहा घेतला, ज्योतीच्या वडिलांनी तो अर्धाच घेतला, आणि जिपा निघून गेल्या. ज्योती जाताना माझ्याशी काही बोलली नाही. बोलण्यासारखी वेळही नव्हती. वडील पुढे चालत होते आणि तिला त्यांच्याच जीपमध्ये बसून घरी जायचं होतं. त्या जीपमध्ये काय झालं असेल, याचा विचार मी अजून करते.

शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "मॅडम, डमी बोलली." दुसऱ्या दिवसापासून मी खाली लहान मुलांच्या कपड्यांत. चौरंग रिकामा. चाचांना पुन्हा पैठणी नेसावी लागली, गुडघे धरून. मी त्यांना सॉरी म्हटलं तर म्हणाले, "कायकू सॉरी? मेरे को तो कैंची नीचे रखने का बहाना होना था."

मधल्या काळात ज्योती लायब्ररीत दिसायची. माझ्या खिडकीपाशी बसून अभ्यास करायची. जागा माझी होती, पण मी दुसरीकडे बसायला लागले.

पुढचं सगळं शेठच्या बुद्धीनं झालं. उमरीकडची एक मंडळी बस्त्याला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "नवरीला इचारून कात्री लावतेत म्हणे, ते हेच दुकान का?" शेठनी एक क्षण विचार केला आणि म्हणाले, "पहिल्यापासून." आठवड्यात नवी पाटी आली, "येथे नवरीच्या पसंतीशिवाय कात्री लावली जात नाही." ती जुन्या पाटीच्या बरोबर वर लावली. मला परत वर बोलावलं. लातूरला शेठच्या मुलानं नवं शोरूम काढलं, त्यातही तीच पाटी आहे. तिथल्या डम्या मात्र नव्या पद्धतीच्या, मानेपासून वर काहीच नाही. मी विचारलं तर शेठ म्हणाले, "आता अशाच येतात. धोका नाही."

परीक्षा झाल्यावर तो बस्ता पुन्हा आमच्याच दुकानात आला. अव्वांनीच म्हणे हट्ट धरला. त्याच जिपा, तीच माणसं. ज्योतीचे वडील या वेळी चहा पूर्ण प्याले. त्यांनी मला ओळखलं, आणि ओळख दाखवावी की नाही हे न ठरल्यानं पंख्याकडे बघितलं. अव्वा खुर्चीवर बसल्या, माझी हनुवटी हातानं चाचपून म्हणाल्या, "ही ती मुकी."

मी जांभळ्या काठाचा तोच शालू काढला. शेठनी तो विकला नव्हता. मी नेसायला घेणार तोच ज्योती कोपऱ्यातून उठली, चप्पल काढली आणि चौरंगावर चढली. "मलाच नेसव," ती म्हणाली.

मी तोंडात टाचण्या धरून तिच्या निऱ्या घातल्या. तिनं आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं. "हा नको."

"अगं, सगळ्यांनी पसंत केला होता," शोभाबाई म्हणाल्या.

"हिच्यावर चांगला दिसत होता. माझ्यावर नको."

दुसरा काढला. त्याचा काठ बारीक. तिसऱ्याचा रंग भडक. हिरवा तिच्या ताईच्या शालूसारखा. कपाटं रिकामी होत गेली, गादीवर ढीग वाढत गेला, आत्या जांभया द्यायला लागल्या, शेठ हसरा चेहरा धरून धरून दमले. त्यांना काही बोलता येईना, पाटी डोक्यावरच होती. अव्वा तेवढ्या खुशीत. प्रत्येक शालूला "हेळव्वा, हेळव्वा" चाललेलं.

चाचा घड्या घालत माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "बेटा, डमीच अच्छी थी."

मला हसू फुटलं, पण ओठांत टाचण्या होत्या, म्हणून काही बोलता आलं नाही. ज्योती आरशासमोर एकदा पूर्ण वळली, पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली, "हा पण नको."